सीमेवरचे विद्यार्थी आणि जगाचे नागरिकत्व

जागतिक नागरिकत्व ही कायद्याने मिळणारी वस्तू नव्हे. त्याचे पारपत्र कोणतेही कार्यालय देत नाही, त्याची मतदारयादी नसते आणि ते नाकारले गेले म्हणून कोणाला न्यायालयातही जाता येत नाही. शिक्षणशास्त्रात ही संज्ञा एका वृत्तीसाठी आणि ती घडवणाऱ्या अभ्यासासाठी वापरली जाते. आपल्या गावातील व्यवहारांचे परिणाम दूरच्या माणसांपर्यंत जातात आणि दूरचे निर्णय आपल्या गावापर्यंत येतात हे ओळखणे, आपल्याहून वेगळी भाषा, धर्म किंवा राहणी असलेल्या माणसाचे हक्क आपल्या हक्कांइतकेच खरे मानणे, आणि या समजुतीला धरून प्रत्यक्ष वागणे, असा तिचा थोडक्यात आशय आहे. युनेस्कोने १९७४ साली आंतरराष्ट्रीय सामंजस्य, सहकार्य व शांतता यांसाठीच्या शिक्षणाविषयी सदस्य राष्ट्रांना एक शिफारस केली होती आणि जवळजवळ अर्धशतकानंतर, २०२३ च्या नोव्हेंबरात, तिच्या जागी नवी शिफारस स्वीकारली. दरम्यान २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी ४.७ या क्रमांकाच्या लक्ष्यात जागतिक नागरिकत्वाचा उल्लेख आला, आणि भारताच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही ही संज्ञा स्वीकारली. ज्ञान, भावना आणि कृती अशी या शिक्षणाची तीन अंगे युनेस्कोच्या मांडणीत सांगितली जातात; त्यांपैकी पहिल्याची परीक्षा घेता येते, उरलेल्या दोहोंची घेता येत नाही, आणि म्हणूनच शाळा बहुधा पहिल्यापाशी थांबतात.

तेथेही जे घडते ते पुष्कळदा शोभेपुरते असते. संयुक्त राष्ट्र दिनाला, म्हणजे २४ ऑक्टोबरला, देशोदेशीचे झेंडे रंगवले जातात, वेशभूषेची स्पर्धा होते, राजधान्यांची प्रश्नमंजूषा होते आणि बक्षिसे वाटून कार्यक्रम संपतो. यात वाईट काही नाही. पण महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या निपाणीतील मुलाचे जपानी माणसाशी कसलेही भांडण नसते, त्यामुळे त्याच्याविषयी सद्भाव बाळगणे त्याला अगदी स्वस्तात पडते. जेथे भांडण आहे, ते घरात ऐकलेले आहे, मोर्च्यात पाहिलेले आहे आणि बाजूही ठरलेली आहे, तेथे दुसऱ्याच्या हक्काचा विचार करता येतो की नाही, यावर या शिक्षणाचा कस लागतो. त्या दृष्टीने पाहिल्यास बेळगाव, खानापूर आणि निपाणीचा सीमाभाग हा या विषयासाठी महाराष्ट्र-कर्नाटकातील सर्वांत अवघड, आणि म्हणूनच सर्वांत योग्य, वर्ग ठरतो.

या भागाचा इतिहास मराठी वाचकाला ठाऊक असतो, पण विद्यार्थ्यांना तो बहुधा घोषणांच्या रूपात भेटतो. राज्य पुनर्रचना कायद्यानुसार १ नोव्हेंबर १९५६ रोजी तेव्हाच्या मुंबई राज्यातील बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, म्हैसूर, म्हणजे आताच्या कर्नाटक, राज्यात गेला. त्याच्या दहा वर्षे आधी, १९४६ साली, बेळगावातच ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला होता, त्यामुळे म्हैसूरमध्ये जाणे या भागातील मराठी माणसांना विशेष लागले. पुढे केंद्र सरकारने १९६६ साली माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला. त्याच्या १९६७ च्या अहवालाने बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवले, निपाणी व खानापूर हा भाग महाराष्ट्राला द्यावा असे सांगितले आणि अक्कलकोटसारखा महाराष्ट्रातील भाग म्हैसूरला देऊ केला. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला, कर्नाटकाने तो अंतिम मानला आणि प्रत्यक्षात त्यातले काहीच अमलात आले नाही. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. २०१२ साली कर्नाटकाने बेळगावात सुवर्ण विधानसौध ही विधिमंडळाची इमारत उभारली आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले.

त्यामुळे १ नोव्हेंबर ही तारीख या शहरात दोनदा साजरी होते, किंवा एकदा साजरी होते आणि एकदा पाळली जाते. एकीकडे लाल-पिवळ्या ध्वजांचा राज्योत्सव असतो, दुसरीकडे सीमाभाग महाराष्ट्रात यावा अशी मागणी करणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा काळा दिन असतो आणि काळे झेंडे घेऊन, काळे कपडे घालून निषेध फेरी निघते. एकाच बाकावर बसणारी दोन मुले त्या दिवशी दोन मिरवणुकांत असू शकतात. शाळेला त्या दिवशी सुट्टी असते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात याविषयी सहसा कोणी बोलत नाही. शिक्षकांचे हे मौन समजण्याजोगे आहे, कारण एखादे वाक्य बाहेर गेले तर त्याचा अर्थ कोण कसा लावील याचा भरवसा नसतो. तरीही हे मौन निरुपद्रवी मानता येणार नाही. जो प्रश्न शिक्षक टाळतात तो भ्रमणध्वनीवरच्या चित्रफिती टाळत नाहीत, आणि त्यांतून विद्यार्थ्याला जे मिळते त्यात पुरावा कमी आणि चेव जास्त असतो.

या कोंडीतून बाहेर पडण्याची एक वाट खुद्द भारतीय राज्यघटनेत आहे, आणि ती याच तारखेशी जोडलेली आहे. भाषावार राज्ये झाली तरी प्रत्येक राज्यात दुसरी भाषा बोलणारे लोक उरणारच, हे ओळखून राज्यघटनेच्या सातव्या दुरुस्तीने ३५० अ हा अनुच्छेद घातला. ज्या दिवशी बेळगाव म्हैसूरमध्ये गेले त्याच दिवशी ही दुरुस्तीही अमलात आली. भाषिक अल्पसंख्याक गटांतील, म्हणजे राज्याच्या बहुसंख्य भाषेहून वेगळी मातृभाषा असलेल्या, मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने व स्थानिक संस्थेने करावा, असे हा अनुच्छेद सांगतो. आणि त्याच दुरुस्तीतील ३५० ब या अनुच्छेदाने अशा गटांच्या संरक्षणावर देखरेख ठेवणारा स्वतंत्र अधिकारी निर्माण केला. हीच कल्पना जगाच्या पातळीवर संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात दिसते. त्याचा तिसावा अनुच्छेद अल्पसंख्याक गटातील मुलाला आपली भाषा वापरण्याचा हक्क देतो, आणि भारताने १९९२ साली तो करार मान्य केला आहे. म्हणजे खानापूर तालुक्यातील एखाद्या खेड्यातील पालक जेव्हा गावची मराठी शाळा टिकावी म्हणून अर्ज करतात, तेव्हा त्यांची मागणी राज्यघटनेची आहे तशीच जगाने मान्य केलेलीही आहे.

पण हक्काची ही भाषा दुधारी आहे, आणि येथेच धड्याला खरी सुरुवात होते. सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट आणि सांगली जिल्ह्यातील जत या तालुक्यांत कन्नड बोलणारी मोठी वस्ती आहे, तेथे कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत आणि तेथील पालकही नेमका हाच हक्क मागतात. महाराष्ट्राची पाठ्यपुस्तके तयार करणारी बालभारती आठ भाषांत पुस्तके काढते, त्यांत कन्नड आहे. कर्नाटकातही मराठी माध्यमाची शालेय पुस्तके निघतात. निपाणीच्या मराठी शाळेतील मुलाच्या हाती असलेले मराठी पुस्तक कर्नाटक सरकारने तयार केलेले असते आणि जतच्या कन्नड शाळेतील मुलाच्या हाती असलेले कन्नड पुस्तक पुण्याहून आलेले असते. ही दोन पुस्तके एका टेबलावर ठेवून, दोन्हींतील शिवाजी महाराजांवरचा, कित्तूरच्या राणी चन्नम्मांवरचा किंवा कृष्णा नदीवरचा मजकूर नववीच्या मुलांना ताडून पाहायला सांगितला, तर जे शिकवले जाईल ते कोणत्याही व्याख्यानाने शिकवता येणार नाही. जो हक्क विद्यार्थ्याला स्वतःसाठी हवा आहे तो त्याला जतमधील मुलासाठीही मागता येतो का, हा प्रश्न त्यानंतर वर्गात आपोआप उभा राहतो. मराठी नियतकालिकांत सीमाप्रश्नावर विपुल लिहिले जाते. जतच्या कन्नड शाळांवर फारसे लिहिले जात नाही, हेही या निमित्ताने नोंदवायला हवे.

याचा अर्थ सीमावासीयांनी आपला दावा सोडावा असा मुळीच नाही. शांततेच्या मार्गाने, निवडणुकांतून आणि न्यायालयातून इतकी दशके चालवलेली मागणी हे लोकशाही नागरिकत्वाचेच उदाहरण आहे, आणि जागतिक नागरिकत्वाच्या नावाखाली विद्यार्थ्यांना ती विसरायला लावणे ही एक प्रकारची सक्तीच होईल. प्रश्न एवढाच आहे की, सरकारच्या धोरणाला केलेला विरोध आणि शेजाऱ्याच्या भाषेविषयीचा तिरस्कार यांत भेद करायला मुले कोठे शिकतात. राज्यघटनेच्या ५१ अ या अनुच्छेदातील मूलभूत कर्तव्यांत भाषिक व प्रादेशिक भेदांपलीकडे जाऊन बंधुभाव वाढवण्याचे कर्तव्य सांगितले आहे. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर ही कर्तव्ये छापलेली असतात, पण सीमाभागातील शाळेत हे विशिष्ट कर्तव्य उदाहरणासह शिकवले जात नसेल तर ते शिकवायचे कोठे? एकाच घटनेची बेळगावातील मराठी आणि कन्नड दैनिकांतील बातमी शेजारी शेजारी ठेवून वाचणे, कोणत्या बातमीत जमावाचा आकडा किती दिला आहे, ‘कार्यकर्ते’ कोणाला आणि ‘समाजकंटक’ कोणाला म्हटले आहे, कोणाचे म्हणणे घेतलेले नाही हे शोधणे, एवढा साधा अभ्यासही पुरेसा ठरू शकतो. दोन्ही भाषा वाचता येणारे विद्यार्थी वर्गात असणे ही यासाठीची अट आहे, आणि ती येथे सहज पुरी होते. पुण्या-मुंबईच्या शाळांना ही सोय नाही.

या भागात दोन भाषांमध्ये राहण्याची परंपरा सीमाप्रश्नाहून पुष्कळ जुनी आहे. घरची भाषा मराठी असलेले द. रा. बेंद्रे धारवाडला राहून कन्नडचे थोर कवी झाले आणि त्यांना ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. सुळेभावीत कन्नड घरात जन्मलेले कुमार गंधर्व मराठी रसिकांच्या जिव्हाळ्याचे झाले. चिकोडी तालुक्यातील एकसंब्यात जन्मलेले जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत राहिले आणि कॉनरॅड रिक्टर या अमेरिकी लेखकाच्या कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या. ही नावे सीमाभागातील व्याख्यानांत नेहमी घेतली जातात आणि नेहमी टाळ्या मिळवतात, पण त्यांवरून सामान्य माणसाच्या वर्तनाविषयी फारसे अनुमान काढता येत नाही. थोर कलावंताला जे साधते ते सर्वांना साधतेच असे नाही. अधिक उपयोगाचा आहे तो साने गुरुजींचा प्रयत्न, कारण तो सामान्य विद्यार्थ्यासाठी होता. तुरुंगात दक्षिणेतील सोबत्यांच्या सहवासात त्यांना आपल्याच देशातील भाषांविषयीचे आपले अज्ञान जाणवले. पुढे त्यांनी तिरुक्कुरळ मराठीत आणले आणि रवींद्रनाथांच्या विश्वभारतीवरून सुचलेली आंतरभारतीची कल्पना १९४९ साली पुण्याच्या साहित्य संमेलनात मांडली. विश्वाशी नाते जोडण्याआधी भारतातील भाषांनी एकमेकींशी नाते जोडावे, त्यासाठी एका प्रांताच्या मुलांनी दुसऱ्या प्रांतात जाऊन राहावे, तेथील भाषा शिकावी, असा तिचा रोख होता. गुरुजी १९५० साली गेले आणि सहा वर्षांनी भाषावार राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या.

भाषेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी जगाशी असलेले सीमाभागाचे नाते शोधायला फार लांब जावे लागत नाही. निपाणीत ते वखारीत सापडते. तंबाखू हे मुळात अमेरिका खंडातील पीक; पोर्तुगीजांच्या मार्फत ते भारतात आले आणि निपाणीच्या काळ्या रानात रुजले. विडीच्या तंबाखूची ही बाजारपेठ इतकी मोठी झाली की, गावाची ओळखच त्या वासाने होऊ लागली. वखारीत वाळलेली पाने कुटायची, चाळायची आणि प्रतवारी करून पोत्यांत भरायची हे काम बहुतांशी बायकांचे. बंद जागेत तंबाखूचा खकाणा उठतो, नाकातोंडात जातो, डोळे चुरचुरतात, आणि संध्याकाळी घरी गेल्यावरही अंगाचा वास जात नाही. विडी घरी वळली जाते. तेंदूची पाने भिजवून पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापायची, चिमूटभर जर्दा पसरून पान वळायचे, दोरा गुंडाळायचा, तोंडे दुमडायची, आणि हजाराचा हिशेब भरला की माल ठेकेदाराकडे न्यायचा. तेथे काही विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढल्या जातात आणि त्यांची मजुरी मिळत नाही. तेंदूचे पान मध्य भारतातील जंगलांतून येते, जेथे ते आदिवासी कुटुंबे उन्हाळ्यात तोडतात. म्हणजे दोन बोटांत मावणाऱ्या या वस्तूत जंगलातला मजूर, काळ्या रानातला शेतकरी, वखारीतली बाई, घरी विड्या वळणारी बाई आणि धुराने छाती बिघडलेला ग्राहक, असे पाचही जण एकत्र येतात, आणि त्यांपैकी एकालाही दर ठरवता येत नाही.

या गावाने संघटित होऊन प्रतिकार करण्याचे दोन धडे एकाच काळात घालून दिले. १९८० च्या सुमारास वखारीतल्या हजारो बायका प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने संघटित झाल्या, आणि त्यांच्या लढ्यावर युगांतर या स्त्रियांच्या चित्रपट गटाने १९८२ साली ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. त्यात या बायका स्वतःच आपल्या कामाविषयी, मुकादमाविषयी आणि संपाविषयी बोलतात. दुसरा लढा तंबाखू पिकवणाऱ्यांचा होता. १९८१ च्या मार्चमध्ये शेतकरी संघटनेने निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग अडवला, हजारो शेतकरी रस्त्यावरच मुक्कामाला राहिले आणि ६ एप्रिलला झालेल्या पोलीस गोळीबारात १२ शेतकऱ्यांचे प्राण गेले. या आंदोलनाचे नेते शरद जोशी हे त्याआधी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघटनेत, म्हणजे देशादेशांतील टपालाचे नियम ठरवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेत, अधिकारी होते. ती नोकरी सोडून ते १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आले होते. जगाचे नागरिकत्व म्हणजे परदेशातील नोकरी अशी ज्यांची समजूत आहे त्यांच्यासाठी हा प्रवास उलट्या दिशेचा आहे. शेतमालाचा भाव कोठे व कसा पाडला जातो हे त्यांना दिसले त्यात त्या नोकरीचा वाटा किती आणि आंबेठाणच्या काकडी-बटाट्याचा किती, हा वादाचा विषय होऊ शकतो. मात्र त्या रस्त्यावर बसलेल्यांत मराठी आणि कन्नड असा भेद करण्याचे कोणाला कारण नव्हते, कारण व्यापारी दोघांनाही एकच भाव देत होता.

या सर्व इतिहासाला २००३ सालानंतर एक नवी गाठ पडली. त्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने तंबाखू नियंत्रणाचा चौकट करार स्वीकारला, भारताने २००४ च्या फेब्रुवारीत त्याला मान्यता दिली आणि २००५ पासून तो लागू झाला. सिगारेट व तंबाखूजन्य पदार्थांवरचा भारताचा कायदाही २००३ चाच. जगातील तंबाखूचे सेवन घटावे हे या कराराचे उद्दिष्ट, आणि त्याविषयी कोणाही शहाण्या माणसाचे दुमत होऊ नये. परंतु ते उद्दिष्ट सफल झाले तर निपाणीतील वखारींचे काय, या प्रश्नाचे उत्तर त्याच कराराच्या सतराव्या अनुच्छेदात अर्धवट दिलेले आहे. तंबाखू पिकवणाऱ्या व त्यावर काम करणाऱ्यांना परवडतील असे दुसरे व्यवसाय उपलब्ध करून देण्यास सरकारांनी चालना द्यावी, असे तो अनुच्छेद सांगतो. चालना किती, कोणी आणि कोणत्या पैशांतून, हे तो सांगत नाही. भारतात विडी कामगारांच्या कल्याणासाठी १९७६ च्या कायद्यांनी विडीवर उपकर बसवला होता आणि त्यातून त्यांच्या मुलांना शिष्यवृत्त्याही मिळत. विडी जितकी खपेल तितकी शिष्यवृत्तीची तिजोरी भरेल, असा तो चमत्कारिक हिशेब होता. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा हा उपकर गेला.

शाळेने ३१ मेच्या तंबाखूविरोधी दिनाला घोषणाफलक रंगवून घेतले तर त्या फेरीत चालणाऱ्या एखाद्या मुलीची आई त्याच वेळी घरी विड्या वळत बसलेली असण्याची शक्यता निपाणीत इतर कोठल्याही गावाहून अधिक आहे. त्या मुलीला आपल्या आईच्या कामाची लाज वाटायला लावणे हे आरोग्यशिक्षण नव्हे. केरळातील कण्णूर येथे १९६९ साली विडी कामगारांनी केरळ दिनेश ही सहकारी संस्था काढली. कारखानदारांनी १९६६ च्या विडी कामगार कायद्याला कंटाळून कारखाने बंद केल्यावर बेकार झालेल्यांचीच ती संस्था होती, आणि विडीचा खप उतरू लागल्यावर ती छत्र्या, खाद्यपदार्थ, कपडे अशा व्यवसायांकडे वळली. निपाणीच्या दहावीच्या वर्गाने कण्णूरचा हा व्यवहार अभ्यासला, आपल्या गल्लीतील दहा घरांत हजार विड्यांमागे मिळणारी मजुरी आणि त्यासाठी लागणारे तास विचारून तक्ता केला, आणि सतराव्या अनुच्छेदाचा संदर्भ देऊन तो कामगार खात्याकडे पाठवला, तर ज्ञान, भावना आणि कृती ही तिन्ही अंगे एका प्रकल्पात येतात. दूरच्या जिनिव्हातील कराराचा आपल्या उंबऱ्याशी काय संबंध, हे यापेक्षा अधिक स्पष्ट करणारा पाठ सापडणे कठीण आहे.

बेळगावकडून जगाकडे गेलेल्या ज्ञानाचेही एक उदाहरण शाळांत सांगण्याजोगे आहे, आणि आश्चर्य असे की, शहरातच ते फारसे माहीत नाही. प्रसूतीनंतर होणारा अतिरक्तस्राव हे गरीब देशांतील मातामृत्यूंचे एक प्रमुख कारण आहे; त्यावरचे नेहमीचे औषध टोचून द्यावे लागते आणि ते थंड ठेवावे लागते, त्यामुळे खेड्यात घरी किंवा उपकेंद्रात होणाऱ्या बाळंतपणात ते मिळत नसे. येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने परदेशी विद्यापीठांच्या सहकार्याने जिल्ह्यातील चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या परिसरात १,६२० स्त्रियांवर मिसोप्रोस्टॉल या तोंडाने घ्यायच्या गोळीची चाचणी केली. गोळ्या दिल्या त्या गावोगावच्या साहाय्यक परिचारिकांनी. अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले, हा निष्कर्ष २००६ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी ते औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. या कथेतही एक अवघड बाजू आहे व ती मुलांपासून लपवू नये: निम्म्या स्त्रियांना खरी गोळी न मिळता दिखाऊ गोळी मिळाली होती. तेव्हा त्या उपकेंद्रांत दुसरे औषध उपलब्धच नव्हते, हे संशोधकांचे समर्थन पुरेसे आहे का, संमती कशी घेतली जावी, आणि गरीब देशातील स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचा लाभ आधी कोणाला मिळावा, या प्रश्नांवर अकरावीच्या विज्ञान शाखेतील मुले तासभर वाद घालू शकतील.

पाण्याचा पाठ तर सीमेवर वेगळा शिकवावाच लागत नाही. खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई पुढे गोव्यात मांडवी होते. तिच्या खोऱ्यातील कळसा व भांडुरा या नाल्यांचे पाणी मलप्रभेत वळवण्याच्या योजनेवरून कर्नाटक, गोवा व महाराष्ट्र यांत तंटा झाला आणि २०१८ च्या निवाड्यात लवादाने गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ अब्ज घनफूट पाणी ठरवून दिले. बेळगावचा विद्यार्थी या तंट्यात गोव्याच्या दृष्टीने वरच्या अंगाचा असतो, आणि २०१९ व २०२१ च्या महापुरात महामार्ग पाण्याखाली गेला तेव्हा तोच कोल्हापूरच्या धरणांच्या दृष्टीने खालच्या अंगाचा होता. दोन्ही जागांवरून विचार करण्याची अशी संधी नकाशा पाहून मिळत नाही. त्याच खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्यात बारापेडे येथील गुहांत राहणारे रॉटनचे वटवाघूळ दीर्घकाळ जगात फक्त तेथेच असल्याचे मानले जात होते, आणि पुढे ते मेघालयात व कंबोडियातही आढळले. गावाचे जगाशी असलेले नाते शिकवायला जीवशास्त्राच्या शिक्षकाला एवढी माहिती पुरेशी आहे.

या साऱ्याच्या आड येते ती विद्यार्थ्यांची अनिच्छा नव्हे. मराठी आणि कन्नड दोन्ही माध्यमांच्या शाळांतून मुले इंग्रजी माध्यमाकडे जात आहेत, आणि तेथील भिंतींवर ‘ग्लोबल’ हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो. त्याचा अर्थ पालकांच्या मनात बेंगळुरू, पुणे किंवा परदेशातील नोकरी असा असतो. त्यात पालकांचा दोष काढता येत नाही, कारण नोकऱ्या तेथेच आहेत. पण ज्या मुलाला मराठी व कन्नड दोन्ही नीट वाचता येत नाहीत आणि इंग्रजी परीक्षेपुरतीच येते, त्याच्या हाती वर सांगितलेल्या अभ्यासांपैकी एकही देता येणार नाही. भाषिक वादात दोन्ही बाजूंचे नेते आपापली भाषा वाचवण्याची घोषणा करतात, आणि या तिसऱ्या शाळांत दोन्हींकडच्या नेत्यांची मुले एकत्र बसतात.

एकत्र शिकण्याची एक जुनी व्यवस्था मात्र निपाणीच्या वेशीवर अद्याप चालू आहे. देवचंद शाह यांच्या नावाचे महाविद्यालय १९६० पासून अर्जुननगरला आहे; ते गाव निपाणीला लागून असले तरी महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात येते, आणि महाविद्यालय कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. निपाणीचे विद्यार्थी राज्याची हद्द ओलांडून तेथे शिकायला जातात, तर निपाणी शहरातील महाविद्यालये बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे आहेत. दोन्ही विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना आहे, दोन्हींची हिवाळी शिबिरे दरवर्षी कोठल्या ना कोठल्या खेड्यात भरतात. वेदगंगा नदीच्या काठचे एखादे गाव दोघांनी मिळून निवडले, पूररेषेची मोजणी मराठी-कन्नड जोड्यांनी केली आणि अहवाल दोन्ही भाषांत लिहून दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांना दिला, तर त्यासाठी नवा अभ्यासक्रम, नवा निधी किंवा युनेस्कोची परवानगी लागणार नाही. लागतील ती दोन कुलसचिवांची पत्रे.